".३७५ वर एवढासा स्कोप?" – एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

अलास्काहून आलेल्या तुमच्या प्रतिक्रियेचा सारांश आधी देतो, म्हणजे बाकीच्या वाचकांना संदर्भ लागेल. .३७५ एच अँड एच मॅग्नम (मोठ्या जनावरांच्या शिकारीचं काडतूस) झाडणाऱ्या दणकट रायफलवर ३०० ग्रॅमच्या आसपासचा, कमी पटीचा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) लावा, असं मूळ लेखात सुचवलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप असे: हलका स्कोप नाजूक असतो. जड स्कोपमुळे खांद्याला धक्का कमी बसतो. मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा, वायू बाजूला फेकणारा तुकडा) लावला की स्कोपची काळजी उरत नाही. आणि २० मिमीच्या काचेतून संध्याकाळी दिसणार काय? तुमच्या रायफलवर ३-१५×५० (म्हणजे ३ ते १५ पट, पुढची काच ५० मिमी) आहे, वजन ७२० ग्रॅम. त्याचा झीरो (नेम आणि गोळी एका जागी पडावी अशी जुळणी) दोनदा हलला, पण तो "रिंगा स्वस्तातल्या होत्या म्हणून".

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. दोष रिंगांचा (स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या कड्यांचा) असेलही, पण त्या रिंगांवर किती भार पडत होता ते आधी पाहू.

.३७५ एच अँड एचची ३०० ग्रेनची गोळी, म्हणजे १९.४ ग्रॅम, नळीतून साधारण ७७० मीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर पडते. सोबत साडेचार-पावणेपाच ग्रॅम दारूचा वायूही सुटतो, तोही गोळीपेक्षा जास्त वेगाने. या काडतुसाच्या दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). नळीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणलं तर दाब शिखरावर असताना रायफल मागे ढकलणारा जोर होतो ३०,००० न्यूटनच्या पुढे. सव्वाचार किलोच्या रायफलला यातून गुरुत्वाकर्षणाच्या ७०० पटींहून जास्त त्वरण मिळतं. अर्थात क्षणभरच, कारण गोळी नळीत असते ती जेमतेम दीड मिलिसेकंद, आणि तेवढ्या वेळात रायफल मागे सरकते सुमारे ३ मिमी.

रायफल मागे जाते तेव्हा स्कोप जागच्या जागी राहू पाहतो. त्याला ओढत मागे नेण्याचं काम रिंगांचं. स्कोप २७० ग्रॅमचा असेल तर त्या क्षणी रिंगांना सुमारे २०० किलोचा ताण सोसावा लागतो. ७२० ग्रॅमच्या स्कोपला तोच आकडा ४८० किलोच्या घरात जातो. रिंगा आणि बेस (रिंगांखालची, रायफलला स्क्रूंनी जोडलेली पट्टी) यांची लवचिकता धरली तर प्रत्यक्ष आकडे थोडे खाली येतील, पण दोन्हींमधलं प्रमाण तेच राहील. जड स्कोपमुळे रायफलचं एकूण वजन वाढून त्वरण थोडं घटतं, तेही या हिशेबात धरलेलं आहे. म्हणजे तुमच्या "स्वस्त" रिंगा हलक्या स्कोपखाली कदाचित वर्षानुवर्षं टिकल्या असत्या.

आता धक्का कमी बसण्याचा मुद्दा. इथे तुमचं म्हणणं खरं आहे. साडेचारशे ग्रॅम जास्त वजनाने रिकॉइलची (मागे बसणाऱ्या धक्क्याची) ऊर्जा अंदाजे ५२ जूलवरून ४७ जूलवर येते, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. हे कमी नाही. पण वजनच वाढवायचं तर ते दस्त्यात घाला: रिकॉइल पॅड काढून मागच्या पोकळीत शिसं भरा किंवा तयार रिकॉइल रिड्यूसर बसवा. ते वजन तिथे चार छोट्या स्क्रूंवर लटकत नाही, आणि रायफल खांद्यावर टाकून चालताना डोक्याकडून कलंडतही नाही.

मझल ब्रेकबद्दल मात्र तुमची समजूत उलटी आहे. ब्रेकचं काम सुरू होतं गोळी नळीबाहेर पडल्यानंतर. दाबाचं शिखर त्याआधीच येऊन गेलेलं असतं, त्यामुळे स्कोपला पहिला तडाखा ब्रेकशिवाय जेवढा बसतो तेवढाच बसतो. वर ब्रेकमधून वायू बाजूला फेकला गेला की रायफलला पुढच्या दिशेने एक झटका बसतो, म्हणजे मिलिसेकंदाच्या अंतराने आधी मागे आणि मग पुढे. खांद्याला आराम मिळतो, स्कोपला नाही. (महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी: वन्यजीव कायद्यामुळे तिथे शिकारीचा प्रश्नच नाही, पण स्प्रिंगवाली एअर रायफल अनेकांकडे असते, आणि तिच्यावर साधे स्कोप का मोडतात याचं कारणही हेच. पिस्टन पुढे आपटला की झटका उलट दिशेने बसतो. म्हणून एअर रायफलसाठी तसा उल्लेख असलेलाच स्कोप घ्यावा.)

हलका म्हणजे नाजूक, हा तुमचा मुख्य आक्षेप. त्यासाठी स्कोपच्या आत डोकवावं लागेल. आत एक छोटी नळी असते, इरेक्टर ट्यूब. तिचं मागचं टोक सांध्यावर टेकलेलं असतं. पुढच्या टोकाला वरून आणि बाजूने टरेटचे (नेम जुळवायच्या, स्कोपवरच्या फिरत्या बटणांचे) स्क्रू दाबतात, आणि विरुद्ध बाजूने एक स्प्रिंग तिला त्या स्क्रूंवर रेटून धरते. तुमचा झीरो म्हणजे या नळीची जागा. बार होताना ही नळीही जागीच राहू पाहते. ती जितकी जड, तितकी स्प्रिंगची परीक्षा. स्थिर पटीच्या स्कोपमध्ये तिच्यातली भिंगं एकदा बसवली की हलत नाहीत. ३-१५ मध्ये मात्र भिंगांचे दोन गट खाचांमधून पुढेमागे सरकतात, बहुधा पॅरॅलॅक्सचं (डोळा हलला तरी नेम हलू नये यासाठीचं) आणखी एक भिंग असतं, आणि प्रकाशित रेटिकल (नेमाची फुली) असेल तर बॅटरी आणि सर्किटही. म्हणजे हलू शकतील असे भागही जास्त आणि त्यांचं वजनही जास्त.

वजन भिंतीची जाडी मारून कमी केलं असेल तर तुमची शंका रास्त ठरते; असे स्कोप बाजारात आहेत. पण लिओपोल्डचा जुना एफएक्स-२ अल्ट्रालाइट २.५×२० घ्या. वजन अवघं १८५ ग्रॅमच्या आसपास, तरी जड कॅलिबरच्या रायफलींवर तो वर्षानुवर्षं वापरला गेला. त्याचं वजन कमी, कारण त्यात मुळात काच कमी, भाग कमी, आणि पुढे घंटेसारखा फुगवटा नाही. तो आता बनत नाही, वापरलेला शोधावा लागतो. ही कंपनी आपले स्कोप 'पनिशर' नावाच्या यंत्रावर, .३०८ काडतुसाच्या तिप्पट धक्क्याने, ५,००० वेळा आपटून पाहते असं सांगते. बाकी कंपन्यांचे दावे वाचताना नुसतं "शॉकप्रूफ" पुरेसं मानू नका. किती धक्का आणि किती वेळा, हे लिहिलं असेल तरच त्याला अर्थ.

३० मिमीची ट्यूब मजबूत असते का? थोडी असते, आणि रिंगेला धरायला १८ टक्के जास्त पृष्ठभागही मिळतो. तिचा मुख्य फायदा मात्र टरेट फिरवायला जास्त वाव मिळणं हा, आणि ३०० ग्रेनच्या गोळीने २०० यार्डांच्या आत शिकार करणाऱ्याला तो वाव लागत नाही.

संध्याकाळच्या उजेडाचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. स्कोपमधून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पुढच्या काचेचा व्यास भागिले पट. २० मिमीला अडीचने भागलं तर ८ मिमी. तरुण माणसाची बाहुली अंधारात फार तर ७ मिमी उघडते, पन्नाशीत त्याहून कमी. म्हणजे चित्र अंधुक दिसणार नाही. मात्र तेवढ्याच उजेडात १०×५० मधून बारकावे जास्त दिसतात, हे खरं. दोनशे यार्डांवरच्या मूसची शिंगं झाडोऱ्यातून निरखायची असतील तर अडीच पट अपुरी पडते. पण ते काम गळ्यातल्या दुर्बिणीचं आहे, भरलेल्या रायफलीच्या स्कोपचं नव्हे. तरीही मन मानत नसेल तर मधला मार्ग २.५-८×३६ हा. लिओपोल्डच्या व्हीएक्स-३ मालिकेतला या मापाचा स्कोप ३२५ ग्रॅमच्या आत बसतो, आणि ६ पटीवर ठेवला तरी वर्तुळ ६ मिमीचं मिळतं. युरोपी १-६×२४ सुंदर असतात, पण बहुतेक ४५० ते ५५० ग्रॅमचे.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आली नाही, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची: ५० मिमीच्या काचेला उंच रिंगा लागतात. रिंगा उंच झाल्या की गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि डोकं हवेत राहतं. मग बार होताना दस्ता गालफडावर आदळतो, आणि मान दर वेळी वेगळ्या जागी असल्याने स्कोपची कड भुवईवर बसते. २० किंवा २४ मिमीचा सरळ नळीचा स्कोप बुटक्या रिंगांत बसतो. .३७५ साठी आय रिलीफ (डोळा आणि स्कोप यांच्यातलं अंतर) निदान ९० मिमी हवा, १०० असेल तर उत्तम. हा आकडा कमाल पटीवरचा पाहा, कारण बऱ्याच स्कोपमध्ये पट वाढवली की तो आखडतो.

बसवताना काय चुकतं, ते आता.

आखूड स्कोपची खरी अडचण इथे येते. मॅग्नम लांबीच्या अ‍ॅक्शनवर (काडतूस भरण्या-काढण्याच्या यंत्रणेवर) दोन बेसमधलं अंतर मोठं आणि आठ इंची स्कोपवर रिंगा धरायला जागा थोडी. दोन सुट्या बेसवर तो पोचत नाही, किंवा पोचला तरी डोळ्याचं अंतर बिघडतं. अशा वेळी एकसंध पोलादी पिकाटिनी रेल घ्या. तिच्या खाचा १० मिमी अंतरावर असतात, त्यामुळे रिंगा हव्या तिथे सरकवता येतात. काही अ‍ॅक्शनवर आखूड स्कोपचा टरेट काडतूस बाहेर पडण्याच्या वाटेवर येतो आणि रिकामी केस बाजूच्या टरेटवर आपटते. आधी डमी काडतुसं भरून, बोल्ट जोरात ओढून पाहा.

रेलचे स्क्रू बहुतेक रायफलींवर ६-४८ मापाचे, म्हणजे साडेतीन मिमीचे असतात. गनस्मिथकडून ते ८-४० करून घेतले तर छेदाचं क्षेत्रफळ ४० टक्क्यांनी वाढतं. बेस आणि रिसीव्हर यांच्यातली पकड सुटली की सगळा भार या स्क्रूंच्या मानेवर येतो, म्हणून भोकं आणि बेसची खालची बाजू अ‍ॅसिटोनने पुसून तेलाचा अंश काढा. निळा थ्रेडलॉकर (स्क्रूचे आटे धरून ठेवणारा गोंद) एक थेंब. आवळण्याचा जोर ६-४८ ला २० ते २५ इंच-पाउंड, ८-४० ला २८ च्या आसपास. सगळ्यात पुढचा स्क्रू लांब असेल तर तो नळीच्या आट्यांना किंवा बोल्टच्या लगला (बोल्ट अडकवून धरणाऱ्या खुंटीला) टेकतो. स्क्रू आवळल्यावर बोल्ट उचलायला जड वाटला तर तोच स्क्रू काढून थोडा घासा.

रिंग रेलवर बसवताना आडवा बोल्ट आवळण्याआधी रिंग नळीच्या दिशेने पुढे दाबून धरा. बार होताना ती पुढेच जाऊ पाहणार आहे. मध्ये पाव मिलिमीटर फट राहिली तर दर गोळीला तेवढी धाव घेऊन ती खाचेच्या भिंतीवर आपटेल.

मग स्कोप शक्य तितका पुढे ठेवा, पट कमाल करा आणि शिकारीला घालता तोच जाड कोट अंगात घाला. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, डोळे उघडा, आणि पूर्ण चित्र दिसेपर्यंत स्कोप हळूहळू मागे घ्या. दिसलं की थांबा. बसून आणि चढाकडे नेम धरूनही पाहा, कारण चढावर डोळा स्कोपच्या आणखी जवळ येतो. रिंगांच्या टोप्या आलटून पालटून पाव-पाव फेऱ्याने आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून, १५ ते १८ इंच-पाउंडांपर्यंत. त्यापुढे आवळलं तर ट्यूब दबते आणि पटीची कडी जड फिरू लागते. पकड वाढवायची असेल तर रिंगेच्या आत राळेची बारीक भुकटी चोळा. जुना उपाय आहे, चालतो. शेवटी रिंगेच्या कडेला ट्यूबवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ आणि रिंग यांच्यात फट दिसली की स्कोप सरकला असं समजा.

झीरो करताना टरेट एका टोकाला गेला तर गडबड आहे. तिथे स्प्रिंग सैल पडते आणि इरेक्टर नीट रेटला जात नाही. मग तीन गोळ्या एका जागी, पुढच्या दोन गोळ्या तीन इंच बाजूला, असा दुभंगलेला ग्रुप दिसतो. बेसखाली शिम (पातळ पत्रा) घालून टरेट मध्याजवळ आणा. टरेट फिरवल्यावर बदल लगेच न दिसता दोन गोळ्यांनंतर दिसला, तरीही संशय स्प्रिंगवरच घ्या. मात्र स्कोप कंपनीकडे पाठवण्याआधी सगळे स्क्रू तपासा, आणि मग खात्रीचा दुसरा स्कोप लावून पाहा.

तुमचा ३-१५×५० विकू नका. प्रतिक्रियेत तुम्ही कॅरिबूसाठी .३०८ वापरता असं लिहिलंय. तीवर तो लावा. तिथे धक्का अर्ध्याहून कमी आणि अंतरं लांब, म्हणून १५ पटींचा उपयोगही होईल. आणि .३७५ वर जड स्कोपच ठेवायचा ठरवलात, तर खालच्या बाजूला दातेरी रेल असलेला युरोपी स्कोप बघा. तो घर्षणावर अवलंबून नसतो, त्यामुळे रिंगेतून सरकण्याचा प्रश्न येत नाही. बेसच्या स्क्रूंवरचा भार मात्र तेवढाच राहतो. ते ८-४० करून घ्याच.