खुलासा : रेकॉर्ड जुनी असली तरी संदर्भ द्यावाच लागतो

नाशिकमधल्या संगीताच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘६० वर्षांहून जुनी ध्वनिमुद्रिका कॉपीराइटमुक्त असते, म्हणून प्रबंधात तिचा संदर्भ लागत नाही. फार तर यूट्यूबची लिंक टाका.’

यातली ६० वर्षं खरी आहेत. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम २७ : प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून मोजायची. पुढचा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांत दुसऱ्याचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून दाखवणं हेच वाङ्मयचौर्य. कॉपीराइट संपला की नाही, हा प्रश्नच तिथे येत नाही.

लिंकचं म्हणाल, तर ती कधीही उडते आणि तिथली तारीख अपलोडची असते, गाण्याची नव्हे. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) रेकॉर्डचं लेबल नीट पाहा : कंपनी, रेकॉर्ड क्रमांक, गायकाचं नाव, बहुधा रागही. लेबलाबाहेरच्या गुळगुळीत कड्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या विशिष्ट मुद्रणाचा क्रमांक, वेगळा. तोही टिपून घ्या, कारण तीच चीज (बंदिश) पुन्हा मुद्रित झाली असेल तर फरक तिथेच कळतो. नेमकं हेच व्हिडिओखाली सहसा नसतं! बंदिशीचा रचनाकार माहीत असेल तर गायकापासून वेगळा नोंदवा. बंदिश हस्तलिखितातून घेतली असेल तर संग्रहाचं नाव, गाव, दप्तर क्रमांक आणि पान पुरे. ऐकलेली प्रत यूट्यूबवरचीच असेल तर लिंक आणि पाहिल्याची तारीख जरूर द्या, पण मूळ तपशिलाच्या जोडीला.

मांडणीची पद्धत मार्गदर्शकांना विचारून ठरवा. तो मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.