जेरार्ड गद्दार? तो फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी हे वाचा

परवा भाच्यानं एक लांबलचक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एवढंच विचारलं, "मामा, हे खरंय का?" पोरगं पंधरा वर्षांचं, जेरार्डचे जुने गोल बघून बघून मिडफिल्डला खेळायला लागलेलं. हा फॉरवर्ड मी आधीही ग्रुपवर पाहिला होता आणि कशाला नादाला लागायचं म्हणून सोडून दिला होता, पण आता घरातल्या पोरापर्यंत आला म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्यातलं म्हणणं थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा जुना कॅप्टन स्टीव्हन जेरार्ड खेळाडू म्हणून इमानी होता, लिव्हरपूल सोडायचा विचारसुद्धा त्याच्या मनात कधी आला नाही, पण मॅनेजर झाल्यावर खरे रंग दिसले. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रेंजर्स क्लबची शिडी केली आणि टीम गाळात असताना पळाला. इंग्लंडच्या ॲस्टन व्हिला क्लबात बसून मनानं लिव्हरपूलचीच चाकरी केली. तिथे जमलं नाही तर सौदीचा पैसा गाठला, आणि 2025 मध्ये रेंजर्सनी परत बोलावलं तेव्हा तोंड फिरवलं. शेवटी मोठ्या अक्षरात "गद्दार".

सुरुवातच खोटी आहे. क्लब सोडायचा विचार मनात आला नाही म्हणे! 25 मे 2005, इस्तंबूल, चॅम्पियन्स लीगची फायनल, इटलीचा मिलान 3-0 पुढे, तिथून जेरार्डच्या हेडरनं सुरुवात झाली, 3-3, मग पेनल्टीवर युरोपचा कप. तो कप उचलून दीड महिनासुद्धा झाला नव्हता तेव्हा याच जेरार्डनं नव्या कॉन्ट्रॅक्टची ऑफर नाकारली आणि मला सोडा म्हणून रीतसर मागणी केली. लंडनच्या चेल्सी क्लबची 3 कोटी 20 लाख पौंडांची बोली टेबलावर होती. क्लबचे सीईओ रिक पॅरी यांनी विषय संपल्यासारखं जाहीर बोलून टाकलं, लोकांनी त्याच्या नावाचा शर्ट रस्त्यावर जाळला, ते टीव्हीवर दिसलं. आणि मग एका रात्रीत त्याचं मन फिरलं आणि तो राहिला. आदल्या वर्षी, 2004 च्या युरोच्या वेळीही चेल्सीची ओढ होतीच. हे मी कुठून शोधून काढलेलं नाही, त्या आठवड्यातला कुठलाही इंग्लिश पेपर काढा, आणि त्यानं स्वतःच्या आत्मचरित्रातही हे लिहिलंय.

हे इतकं सविस्तर सांगतोय कारण फॉरवर्डची सगळी इमारत याच वाक्यावर उभी आहे, आधी साधू आणि नंतर भोंदू. माणूस एकच आहे हो. त्याला मोठं काहीतरी जिंकायची भूक तेव्हाही होती आणि ती भूक पोटात ठेवून तो 710 सामने एका क्लबकडून खेळला, लीगचं टायटल शेवटपर्यंत मिळालं नाही तरी. मोह झालाच नाही अशा माणसापेक्षा मोह होऊन, जवळजवळ निघून, तरी थांबलेला माणूस मला तरी जास्त खरा वाटतो, आणि पंधरा वर्षांच्या पोरानं तोच जेरार्ड ओळखावा असं वाटतं.

आता रेंजर्स. इथे अर्धं खरं आहे आणि ते मान्य करतो, आवडत नसलं तरी. तो सीझनच्या मध्यात गेला, 11 नोव्हेंबर 2021 ला. कॉन्ट्रॅक्ट 2024 पर्यंत होतं. गॅरी मॅकॲलिस्टर, मायकल बील, जवळपास अख्खा कोचिंग स्टाफ बरोबर घेऊन गेला. दहा दिवसांवर लीग कपची सेमीफायनल होती, ती रेंजर्स हिब्सकडून 3-1 हरले, मार्टिन बॉयलनं हॅटट्रिक मारली. ग्लासगोतल्या माणसाला याचा राग आला तर त्याला चूक म्हणायची माझी छाती नाही.

पण "टीम गाळात असताना"? ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी रेंजर्स लीगमध्ये चार पॉइंटनी पहिल्या नंबरवर होते. शेवटचा सामना 7 नोव्हेंबरला आयब्रॉक्सवर, म्हणजे घरच्या मैदानावर, रॉस काउंटीविरुद्ध 4-2 नं जिंकलेला. गाळ बघायचा असेल तर 2018 चा बघा. तो यायच्या आदल्या सीझनला हाच क्लब लक्झेंबर्गच्या प्रोग्रेसकडून युरोपातून बाहेर पडला होता, लीगमध्ये तिसरा आला होता, ग्लासगोतल्याच कट्टर प्रतिस्पर्धी सेल्टिककडून एका दुपारी 5-0 मार खाल्ला होता. 2012 मध्ये दिवाळं निघून चौथ्या पातळीवरून परत वर आलेला क्लब तो. लिव्हरपूलच्या 18 वर्षांखालच्या पोरांना एक सीझन शिकवलेला, सीनियर टीम कधीच न सांभाळलेला माणूस तिथे गेला, आणि तेव्हा बहुतेक लोक हे फसणार म्हणत होते.

आणि मग 2020-21. या एका तक्त्यासमोर तो फॉरवर्ड उभा राहत नाही म्हणून आकडे नीट लिहितो: 38 सामने, 32 जिंकले, 6 बरोबरी, एकही हार नाही. 102 पॉइंट. आयब्रॉक्सवर 19 पैकी 19 जिंकले. अख्ख्या सीझनमध्ये गोल खाल्ले फक्त 13. दुसरा आलेला सेल्टिक 25 पॉइंट मागे, आणि हा तो सेल्टिक ज्यांनी सलग नऊ टायटल घेतली होती आणि दहाव्यासाठी अख्खं शहर श्वास रोखून बसलं होतं. रेंजर्सचं ते 55 वं टायटल, दहा वर्षांनी आलेलं. शिडी म्हणून वापरली म्हणता, मग शिडी तो चढायच्या आधी कुठे होती आणि उतरल्यावर कुठे होती तेही सांगा की. तो गेल्यावर त्याच खेळाडूंतल्या बहुतेकांना घेऊन नव्या मॅनेजरनं, व्हॅन ब्रॉन्कहॉर्स्टनं, त्याच सीझनमध्ये युरोपा लीगची फायनल गाठली, फ्रँकफर्टकडून पेनल्टीवर हरले, आणि स्कॉटिश कप जिंकला. पळपुट्याच्या मागे इतकं चांगलं घर उरत नाही. कप स्पर्धांत मात्र त्याच्या हाती काही लागलं नाही, लीग सोडून एकही ट्रॉफी नाही, ही टीका कुणी केली तर चालेल, ती खेळाची टीका आहे.

इमानाबद्दल बोलायचंच असेल तर मार्च 2021 बघा. स्लाव्हिया प्रागच्या कुडेलानं रेंजर्सच्या ग्लेन कमाराच्या कानाशी तोंड नेऊन वांशिक शिवी दिली, पुढे युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, त्याला दहा सामन्यांची बंदी घातली. त्या रात्री रेंजर्स युरोपातून बाहेर पडले होते, मॅनेजरला हारजितीवर बोलता आलं असतं, पण जेरार्ड कॅमेऱ्यासमोर येऊन चौकशी-बिवकशी काही व्हायच्या आधी उघडपणे आपल्या खेळाडूच्या पाठीशी उभा राहिला. फॉरवर्डमध्ये याची एक ओळ नाही.

आता व्हिला, आणि त्या फॉरवर्डमधला सगळ्यात संतापजनक भाग. त्यात लिहिलंय की तो व्हिलात राहून लिव्हरपूलचा माणूस होता, आणि त्याच्या पुढच्याच ओळीत लिहिलंय की 22 मे 2022 ला मँचेस्टर सिटीविरुद्ध 2-0 पुढे असताना त्यानं "मुद्दाम टीम मागे बसवली" आणि लिव्हरपूलचं टायटल घालवलं. अरे, एक काहीतरी ठरवा! एकाच माणसानं एकाच दुपारी लिव्हरपूलची चाकरीही केली आणि लिव्हरपूलचा घातही केला, हे लिहिणाऱ्यानं स्वतः एकदा तरी वाचलं होतं का?

तो सामना मी पूर्ण पाहिलाय. शेवटचा दिवस, सिटी लिव्हरपूलच्या एक पॉइंट पुढे. व्हिलाचा सीझन केव्हाच संपलेला, ते पुढे 14 वे आले, त्यांना ना काही मिळवायचं होतं ना गमवायचं. आणि तरी 37 व्या मिनिटाला लुका दीन्याच्या क्रॉसवर मॅटी कॅशनं हेडर मारला, 69 व्या मिनिटाला कुटिन्होनं दुसरा घातला, तोच कुटिन्हो जो लिव्हरपूलला जेरार्डबरोबर खेळला होता. सिटीच्या एतिहाद मैदानावर स्मशानशांतता. तिकडे अँफील्डवर, आपल्या मैदानावर, लिव्हरपूल वूल्व्ह्जशी 1-1, म्हणजे त्यांना आता फक्त अजून एक गोल हवा होता. मग सिटीचा मॅनेजर गार्डिओलानं पाठवलेले बदली खेळाडू कामाला आले. स्टर्लिंगचा क्रॉस, गुंडोगानचा हेडर, 76 वं मिनिट. झिंचेन्कोनं मागे दिलेला बॉल रॉड्रीनं लांबून कोपऱ्यात घातला, 78 वं. डी ब्रुयनानं गोलसमोरून बॉल सरकवला आणि मागच्या खांबाशी पुन्हा गुंडोगान, 81 वं. स्टर्लिंग, झिंचेन्को, गुंडोगान, तिघेही बेंचवरून आलेले. पाच-सहा मिनिटांत 3-2. सिटी 93, लिव्हरपूल 92. जगातल्या त्या वेळच्या सगळ्यात भारी टीमनं स्वतःच्या मैदानावर सहा मिनिटं झपाटल्यासारखी खेळली, याला कट म्हणायचं असेल तर मग फुटबॉल बघूच नका.

आणि लिव्हरपूलची चाकरी कुठे दिसली? डिसेंबर 2021 मध्ये व्हिला घेऊन तो अँफील्डवर गेला, सालाहच्या पेनल्टीवर 1-0 हरला आणि सामन्यानंतर रेफरीच्या निर्णयांवरून चांगलाच चिडला होता. मे 2022 मध्ये त्याच्या टीमनं लिव्हरपूलविरुद्ध तिसऱ्या मिनिटालाच गोल घातला, तोही लिव्हरपूल टायटलसाठी एकेक पॉइंट मोजत असताना. शेवटी 2-1 हरले, पण फुकट काही दिलं नाही. एक दिवस लिव्हरपूल सांभाळायचं स्वप्न त्याला होतं का? असणारच, शाळकरी वयापासून त्या क्लबमध्ये वाढलेल्या माणसाला नसेल तर कुणाला असेल. मनात स्वप्न असणं आणि समोरच्या कामात बेइमानी करणं या दोन गोष्टी एकात एक मिसळायच्या आणि वर गद्दार लिहायचं, हे फार वाईट आहे, विशेषतः ज्यांनी तो सामना पाहिलेला नाही अशा पोरांना पाठवायचं म्हणजे.

व्हिलात तो फसला, हे खरं. 40 सामन्यांत 13 विजय. टीमला आकार आला नाही, डिफेंडर मिंग्सकडून कॅप्टनशिप काढून घेतली त्यातून निष्पन्न काही झालं नाही, आणि त्याच खेळाडूंतले बरेचसे घेऊन पुढचा मॅनेजर उनाई एमरीनं व्हिलाला पुढे चॅम्पियन्स लीगपर्यंत नेलं. मॅनेजर म्हणून ही त्याची हार आहे, आणि ती मोठी आहे.

पण व्हिलाच्या खुर्चीवरून निष्ठा शिकवणाऱ्यांनी एक बघावं. जेरार्डच्या आधी तिथे डीन स्मिथ होता. जन्मापासून व्हिला फॅन, वडील व्हिला पार्कवर स्टुअर्ड होते, त्यानं 2019 मध्ये टीमला प्रीमियर लीगमध्ये वर आणलं, पुढच्या वर्षी शेवटच्या दिवशी वाचवलं. सलग पाच सामने हरला आणि 7 नोव्हेंबर 2021 ला घरी पाठवला. जेरार्डला 20 ऑक्टोबर 2022 ला फुलहॅमकडून 3-0 हरल्यावर त्याच रात्री काढलं, वर्षही पुरं झालं नव्हतं. चेल्सीनं जानेवारी 2021 मध्ये लॅम्पार्डला काढलं, क्लबसाठी सगळ्यात जास्त, 211 गोल करणारा माणूस, मॅनेजर म्हणून दीड वर्ष मिळालं. क्लब एका रात्रीत दार दाखवतो तेव्हा त्याला कुणी गद्दार म्हणत नाही, प्रोफेशनल निर्णय म्हणतात. मॅनेजर कॉन्ट्रॅक्टमध्ये ठरलेली भरपाई नव्या क्लबकडून देववून गेला की लगेच इमान आठवतं. रेंजर्सना ती भरपाई मिळाली होती, हेही फॉरवर्डमध्ये नाही.

सौदीवर जास्त बोलत नाही. 2023 च्या जुलैत तो तिथल्या अल-एत्तिफाक क्लबला गेला, पैसा हे मोठं कारण होतं असं मीही मानतो आणि मला ते पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही. फक्त एवढंच की "सगळा प्लॅन लिव्हरपूलच्या खुर्चीसाठी" ही थिअरी इथेच मोडते. जानेवारी 2024 मध्ये त्यानं तिथलं कॉन्ट्रॅक्ट 2027 पर्यंत वाढवून घेतलं आणि त्याच महिन्यात लिव्हरपूलचा मॅनेजर क्लॉपनं क्लब सोडत असल्याचं जाहीर केलं. ज्याचा डोळा वर्षानुवर्षं त्या खुर्चीवर आहे तो युरोपपासून इतका लांब जाऊन सही करत नाही. खुर्ची आर्ने स्लॉटला मिळाली आणि जेरार्डचं नाव गंभीरपणे चर्चेतही आलं नाही. सौदीतून तो जानेवारी 2025 मध्ये बाहेर पडला, टीम बाराव्या नंबरवर होती.

राहिला ऑक्टोबर 2025. मॅनेजर रसेल मार्टिनला रेंजर्सनी काढलं, सात लीग सामन्यांत एकच विजय होता, फॅन भडकलेले. जेरार्डशी बोलणी झाली आणि शेवटी त्यानं माघार घेतली, नोकरी डॅनी रोलला मिळाली. यात तोंड फिरवलं काय आणि लाथाडलं काय, नोकरीसाठी भेटून, ऐकून घेऊन नाही म्हणणं हा साधा व्यवहार आहे. लागोपाठ दोन ठिकाणी अपयश आलेलं असताना 2021 च्या पुण्याईवर आयब्रॉक्सला जाऊन बसणं त्याला सहज जमलं असतं, पहिले दोन महिने लोकांनी डोक्यावरही घेतलं असतं. आणि तो गेला असता तर हाच फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं "कुठेच कुणी घेईना म्हणून परत आला" असं लिहिलं असतं, हे मी आत्ता लिहून द्यायला तयार आहे.