तासाला एकोणीस माणसं

एमबीएला आलेला माणूस फायनान्सला बिचकून असतो, मार्केटिंगवर खूश असतो आणि ऑपरेशन्स मॅनेजमेंटला खिजगणतीत धरत नाही. पुस्तक उघडावं तर आत बेकरी, सलून, बँकेचा काउंटर, खुर्च्यांचा कारखाना. हे तर आपल्या घरी रोज चालतं! एकजण पोळ्या लाटणार, दुसरं भाजणार. लाटणाऱ्याचा हात मागे पडला की तवा नुसताच तापतो. झाला की बॉटलनेक! मिडटर्मचे पेपर परत मिळेपर्यंत हा आनंद टिकतो.

कारण इथे गणित कोणाला अडवत नाही, एककं अडवतात. ‘लिटल्स लॉ’ घ्या. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला. आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकानं आत काढलेला वेळ. पाचवीतल्या पोराला जमेल. मिसळीच्या दुकानात कायम 24 जण, प्रत्येकजण 40 मिनिटं बसतो, तर तासाला गिऱ्हाइकं किती? 24 भागिले 40, उत्तर 0.6. हे मिनिटाचं उत्तर आहे, तासाचे 36 होतात, हे लक्षात न घेता आम्ही पुढच्या पायरीवर उडी मारतो आणि शेवटी ‘दुकान बंद करावे’ अशी शिफारस लिहून मोकळे होतो.

ईओक्यूची, म्हणजे एका वेळी किती माल मागवला की सगळ्यात स्वस्त पडतं त्या आकड्याची, तीच रड. फोर्ड हॅरिसनं 1913 मध्ये मांडलेलं सूत्र: दोन गुणिले मागणी गुणिले एका ऑर्डरचा खर्च, भागिले एक नग सांभाळायचा खर्च, आणि त्या सगळ्याचं वर्गमूळ. वर्षाला 1800 नग, ऑर्डरमागे 100 रुपये, नग वर्षभर ठेवायला 4 रुपये. उत्तर सुबक 300. पेपर काढणारे मात्र मागणी महिन्याची देतात, 150, आणि सांभाळायचा खर्च वर्षाचा. तसंच कोंबलं की 87 येतात. बारा पटींची चूक वर्गमुळाखाली शिरते आणि साडेतीन पट होऊन बाहेर पडते. सूत्र तसं स्वभावानं दिलदार आहे. 300 ऐवजी 600 मागवले तरी ऑर्डरचा आणि साठ्याचा मिळून खर्च 25 टक्केच वाढतो. पेपर तपासणारे सर इतके दिलदार नसतात.

मग येतं वर्तमानपत्रवाल्याचं मॉडेल: आजचा माल उद्या रद्दी, तर सकाळी किती आणायचा? वर्तमानपत्र कोण वाचतं हल्ली, म्हणून आपण उकडीचे मोदक घेऊ. मोदक 20 रुपयांना पडतो, 35 ला जातो, आणि चतुर्थी उलटली की फुकटही खपत नाही. कमी पडला तर 15 रुपयांचा नफा बुडाला, उरला तर 20 रुपये पाण्यात. 15 भागिले दोन्हींची बेरीज 35, म्हणजे 0.43. सगळी मागणी भागण्याची शक्यता 43 टक्केच ठेवा, असं मॉडेल सांगतं. मागणी सरासरी 200 आणि प्रमाण विचलन (सरासरीच्या आजूबाजूचा चढउतार) 50 असेल तर 191 मोदक करायचे. टेबलातला झेड, म्हणजे सरासरीपासून किती विचलनं सरकायचं तो आकडा, इथे उणे 0.18 असतो, आणि ते ‘उणे’ हमखास वाटेत सांडतं. मग उत्तर 209. दोष आमचा नाही. सणाला मुद्दाम कमी मोदक करायचे, हे ज्या घरात वाढलो तिथे कोणाच्या डोक्यात बसलं असतं?

बिअर गेमच्या दिवशी हजेरी शंभर टक्के. एमआयटीत 1960 च्या सुमारास जन्मलेल्या या खेळात बिअर थेंबभर नसते, टेबलावर लांबलचक पट आणि सोंगट्या असतात. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना अशा चार खुर्च्या. ऑर्डर पोचून माल हातात पडायला तीन-चार आठवडे, आणि आपसात बोलायला बंदी. पडून राहिलेल्या पेटीला आठवड्याला अर्धा डॉलर, न पुरवलेल्या पेटीला एक डॉलर. प्रत्येकाकडे सुरुवातीला 12 पेट्या. गिऱ्हाईक चार आठवडे 4-4 पेट्या मागतं, पाचव्या आठवड्याला 8. झालं! दुकानदार घाबरून 12 मागवतो, घाऊकवाल्याला वाटतं बाजार पेटला, तो 20 सांगतो, वितरक 30, आणि कारखान्यावरचा बिचारा 40 चं उत्पादन लावतो. आधी मागवलेला माल वाटेत आहे हे विसरून चौघंही पुढच्या आठवड्यात तेवढंच पुन्हा मागवतात. मग सगळं एकदम येऊन आदळतं. (वाटेतल्या मालाचा रकाना वेगळा ठेवा. एवढ्यानं बरीच अब्रू वाचते.) शेवटी सर मागणीचा आलेख दाखवतात: चारवरून आठ, एकच पायरी, पुढे सपाट. इतका वेळ चौघं ज्या गिऱ्हाइकाला लहरी म्हणून शिव्या घालत होते, ते एकदाच हललेलं असतं. कारखानेवाला दुकानदाराकडे असा बघतो, की त्यांचा ग्रुप प्रोजेक्ट तिथेच संपल्यात जमा.

पण मला विचाराल तर या विषयाचा गाभा परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात कळतो. एक मशीन, एक माणूस, गिऱ्हाइकामागे सरासरी 3 मिनिटं, म्हणजे तासाला 20 जण. येणारे कधीही येणार, कोणाची दोन पानं तर कोणाची दोनशे. अशात तासाला 16 आले तर नंबर लागायला सरासरी 12 मिनिटं. 18 आले तर 27. आणि 19 आले तर 57! माणूस एक वाढला, खोळंबा अर्ध्या तासानं. कारण मशीन रिकामं होतं ती मिनिटं डब्यात भरून ठेवता येत नाहीत, आणि दोनशे पानवाल्यानं तुंबवलेली रांग फेडायला तासाला एकाच माणसाची जागा मोकळी असते. सूत्राच्या छेदात 20 वजा येणारे असतात, म्हणून 20 आले की छेदात शून्य, उत्तर अनंत. इतर विषयांत यंत्र शंभर टक्के वापरात म्हटलं की टाळ्या पडतात. इथे रांग रस्त्यावर येते.

त्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातात नेमकी हीच सूत्रं असतात. दुसऱ्या दिवशीच्या पेपरासाठी जो तो मनातल्या मनात स्वतःचा नंबर कधी लागेल ते काढतो, आकडा बघून गार पडतो, आणि जागा सोडत नाही. सगळ्यात पुढचा म्हणतो, “काका, दोन्ही बाजूंनी. आणि स्पायरल पण करून द्या.” काका मशीनवर हात ठेवून बघतात, तापलंय म्हणतात, आणि स्विच बंद करून चहाला जातात.