छडी गेली म्हणून मुलं बिघडली?

शाळेतल्या शिस्तीवरचा एक लेख वाचला. लेखकांचं म्हणणं असं की छडी गेली तशी शिक्षकाची जरबही गेली, म्हणून मुलं ऐकेनाशी झाली. मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते, मला हे अजिबात पटलं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारासोबत मानसिक छळालाही बंदी घालतं. म्हणजे ‘डोक्यात काय बटाटे भरलेत का’ हेही त्यात आलं. ते मात्र अजून सर्रास चालतं.

माझ्या तिसरीतला एक मुलगा जेवणाच्या सुट्टीनंतर हटकून शेजारच्याला बोचकारायचा. नीट पाहिलं तेव्हा कळलं, गणिताची वही काढा म्हटलं की हे सुरू होतं. हातच्याची वजाबाकी येत नव्हती त्याला. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे दिले, सोडवून मोजू दिले, तसं बोचकारणं कमी झालं. (बंद नाही झालं, खोटं कशाला सांगू.)

पण हे पाहायला वर्गात असावं तर लागतं! याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामं आम्हाला देता येतात. प्रत्यक्षात पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन नोंदी, ग्रुपवर ‘तात्काळ’ म्हणून येणारे तक्ते. दुसरे सर मीटिंगला गेले की पहिली ते चौथी माझ्या एकटीच्या गळ्यात, आणि नेमका त्याच दिवशी आवाज चढतो. लेखकांनी पुढचा लेख या तक्त्यांवर लिहावा. माहिती आम्ही पुरवू, तीही तात्काळ.