मालकाचं उत्तर: दहा मिनिटं नाही, पावणेदोन तास

नमस्कार,

तुमचा अभिप्राय काल रात्री मुलीने वाचून दाखवला. शनिवारी तुमच्या गच्चीवरच्या कार्यक्रमात आवाज फुटत होता आणि स्पीकरमधून सतत घूं घूं येत होतं, याबद्दल मनापासून माफी मागतो. लोकांसमोर उभं राहावं आणि सामानाने साथ सोडावी, यासारखी नामुष्की नाही. त्यातली एक चूक आमचीच आहे, ती खाली लिहिली आहे.

पण तुम्ही लिहिलंय, "दुकान बंद करायची घाई होती, दहा मिनिटांत महागडा चार आउटचा इंटरफेस गळ्यात मारला." हे वाचून जेवण गेलं नाही. (बाकी वाचणाऱ्यांसाठी: इंटरफेस म्हणजे लॅपटॉपमधला आवाज मिक्सरला पोचवणारा डबा, आणि आउट म्हणजे त्यातून आवाज बाहेर काढायच्या वाटा.)

तुम्ही शुक्रवारी आलात तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. आमचं शटर साडेआठला पडतं, हे लॅमिंग्टन रोडवर सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या बिलावर वेळ छापलेली आहे, ९.४८. बघा काढून. म्हणजे पावणेदोन तासाला दोन मिनिटं कमी. मी अर्धं शटर खाली ओढून बसलो होतो, मुलाला खाली पाठवून तुमच्यासाठी आणि तुमच्या ढोलकीवाल्या मित्रासाठी चहा आणला होता. ग्रँट रोडहून स्लो पकडून बोरिवलीला घरी पोचायला मला साडेअकरा झाले. उपकार केले असं म्हणत नाही, तो माझा धंदाच आहे. पण त्याला दहा मिनिटं म्हणू नका.

आणि गळ्यात काय मारलं? तुम्ही ६४ पॅडचा कंट्रोलर, म्हणजे बोटांनी लॅपटॉपमधले आवाज वाजवायची पाटी, बघत होतात, शिवाय एक ग्रूवबॉक्स, म्हणजे लॅपटॉपशिवाय ताल-सूर वाजवणारं मशीन. दोन्ही काउंटरवर काढले होते. मीच म्हटलं, कार्यक्रम उद्या आहे, नवीन मशीन एका रात्रीत हाताखाली येत नाही, घरचा छोटा कंट्रोलर आहे त्यावरच वाजवा. दोन्ही खोके मी स्वतः परत फळीवर ठेवले. विकायचीच घाई असती तर त्या दिवशी तुमचं बिल तिप्पट झालं असतं.

चार आउटचा इंटरफेस का, तर ढोलकीमुळे. दोन आउटच्या डब्यातून डावा-उजवा आवाज मिक्सरला गेला की संपलं. त्या डब्याच्या हेडफोनमध्ये बहुतेक वेळा तेच ऐकू येतं जे लोकांना ऐकू येतं. ढोलकीवाल्याच्या कानात क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टिकटिक, द्यायचा आणि तो लोकांना ऐकू जाऊ द्यायचा नाही, तर तिसरा-चौथा आउट लागतोच. तुमच्या ट्रॅकमध्ये मध्येच आठ मात्रा बीट थांबतो, तिथे क्लिकशिवाय ढोलकी समेवर कशी येणार? हे मी काउंटरवर वाजवून दाखवलं. तुमचे मित्र तेव्हा म्हणाले, "आता कळलं." दोन आउटच्या आणि चार आउटच्या इंटरफेसमध्ये साडेसहा हजारांचा फरक होता, तोही आधी सांगितला होता.

आता आवाज फुटण्याचं. तुम्हीच टाकलेल्या फोटोत लॅपटॉपवर ऑडिओ सेटिंग उघडं आहे. मुलीने फोटो मोठा करून दाखवला. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे जेवढे नमुने हातात घेतो तो आकडा, ६४. मी दुकानात माझ्या हाताने २५६ ठेवला होता. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने असताना, २५६ म्हणजे साधारण सहा मिलिसेकंदांचा उशीर. स्पीकरपासून दोन मीटरवर उभं राहिलं तरी आवाज कानापर्यंत यायला तेवढाच वेळ लागतो, बोटाला तो फरक जाणवत नाही. ६४ वर लॅपटॉपला दीड मिलिसेकंदात सगळा हिशोब करावा लागतो. आवाज घडवणारी तुमची एवढी प्लगइन सॉफ्टवेअरं चालू असताना तो धापा टाकणारच, आणि तेच कडकड ऐकू येतं. फोटोत एक छोटा यूएसबी हबही दिसतोय, इंटरफेस आणि कंट्रोलर दोन्ही त्यातच. दुकानात आपण इंटरफेस थेट लॅपटॉपला लावला होता. बिनअडॅप्टरचा हब दोघांना पुरेशी वीज देईलच असं नाही.

घूं घूं मात्र आमची चूक. आमच्या मुलाने तुम्हाला साध्या मोनो जॅकच्या वायरी दिल्या. गच्चीवर मिक्सर लांब आहे हे तुम्ही सांगितलं होतं, तिथे बाहेरची घरघर कापणाऱ्या बॅलन्स्ड वायरी द्यायला हव्या होत्या, आणि ते बघणं माझं काम होतं. लॅपटॉपच्या चार्जरमुळे ग्राउंडचा घोळ होतो, त्यासाठी मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे ग्राउंडची जोडणी तोडून घूं घूं थांबवणारी डबी, तीही हवी होती. खरं सांगतो, बिल आधीच बरंच झालं होतं, तुमचा चेहरा बघून आणखी एक वस्तू सांगायला जीभ रेटली नाही. तिथे मी चुकलो.

शनिवारी ७.२० ला तुमचा फोन आला तेव्हा दुकानात नवरात्राची गर्दी होती, चार ऑक्टोपॅड एकदम टेस्टिंगला लागले होते, ऐकूच आला नाही. ७.५५ ला मी उलट फोन केला, तुम्ही उचलला नाही. तेव्हा स्टेजवर असणार. दहाला लाउडस्पीकर बंद करायचा म्हणजे साउंडचेकला वेळ मिळत नाही, हे मला कळतं. म्हणूनच म्हटलं होतं की सगळं रात्रीच घरी जोडून एकदा पूर्ण वाजवून बघा.

शेवटचं एक वाक्य सगळ्यात लागलं. "हे बेंजो पार्टीवाल्यांचं दुकान आहे, इलेक्ट्रॉनिक म्युझिकचं यांना काय कळतं." हो, बेंजो पार्टीवाल्यांचंच आहे. वडिलांपासून. गिरगावात विसर्जनाला चालत्या गाडीवर, जनरेटरच्या विजेवर, पावसात प्लास्टिक पांघरून कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड सहा-सहा तास वाजवणारी मुलं आमच्याकडे येतात. विजेची आणि वायरीची दुखणी मी त्यांच्याकडूनच शिकलो. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या सिंथेसायझर आणि रिदम मशीनवर राग वाजवून रेकॉर्ड काढली, तेही लग्नात वाजवणारेच होते. मला काही येत नाही असं म्हणा, पण त्या मुलांना कमी लेखू नका.

या दुकानावर तीन घरं चालतात. तुमचा एक स्टार पडल्यापासून दोघांनी फोनवर तेच विचारलं. म्हणून एवढं लांबलं, राग मानू नका.

यापुढे लाइव्हसाठी सामान नेणाऱ्याला वायरींचं नीट विचारू, जोडणी कागदावर लिहून द्यायचंही बघतो. मुलाशी बोललो आहे.

तुमच्या वायरी बदलून देतो, पैसे नकोत. डीआय बॉक्स पुढच्या कार्यक्रमाला असाच घेऊन जा, पटला तर ठेवा. इंटरफेस खोक्यासकट आणलात तर दोन आउटचा देऊन साडेसहा हजार परत करीन. फक्त त्याआधी एकदा मंगळवारी दुपारी या, तेव्हा गर्दी नसते. लॅपटॉप चार्जरसकट आणा, हब आणा, आणि ढोलकीवाल्या मित्रालाही घेऊन या. क्लिक काढून टाकायचा की नाही, ते त्यांनाच विचारू.