धुकं एकटं दोषी नाही

'एम्प्रेस ऑफ आयर्लंड' या प्रवासी बोटीचा घात धुक्याने केला, हे लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. २९ मे १९१४ च्या पहाटे कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीत स्टोरस्टॅड हे कोळशाचं जहाज तिच्या उजव्या कुशीत घुसलं, ते धुक्यामुळे, हे खरं. पण पुढचं काय? टायटॅनिक बुडाल्यानंतरचा काळ, बोटीवर जीवरक्षक होड्या पुरेशा होत्या! तरी ती इतक्या झपाट्याने कलंडली, की बहुतेक होड्या सोडताच आल्या नाहीत. हवेसाठी उघड्या ठेवलेल्या खिडक्यांतून पाणी आत आलं, जलरोधक दारं वेळेत बंद झाली नाहीत. जेमतेम १४ मिनिटांत सगळं संपलं. हजारावर माणसं गेली, बरीचशी झोपेतच. खालच्या मजल्यावरच्यांना तर जिनाही गाठता आला नसेल. लेखात यावर दोन ओळी तरी हव्या होत्या.