सँडर्सची उमेदवारी कुणी चोरली नाही

"२०१६ मध्ये बर्नी सँडर्सच जिंकत होते. डेमोक्रॅटिक पक्षाने सुपरडेलिगेट हाताशी धरले, न्यूयॉर्कच्या याद्यांतली नावं उडवली, आतून ईमेलवर कट शिजवला आणि उमेदवारी हिलरी क्लिंटनना देऊन टाकली." अमेरिकेतल्या आम्हा मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीबद्दलचा हा मजकूर अजून फिरतो. पाठवणारे बहुतेक सँडर्सवर जीव असलेले. माझाही आहे, म्हणूनच गप्प बसवत नाही.

पक्षाचा उमेदवार डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी, ठरवतात. बहुतेक डेलिगेट राज्याराज्यांतल्या लोकांच्या मतांवरून ठरतात. आधी सुपरडेलिगेट. हे पक्षाचे खासदार, गव्हर्नर, जुने पदाधिकारी. त्यांना लोकांच्या कौलाचं बंधन नव्हतं. मतदान सुरू होण्याआधीच वाहिन्या त्यांची संख्या क्लिंटन यांच्या खात्यात मिळवून दाखवत होत्या. ते चूकच होतं. पण सुपरडेलिगेट एकूण एक वगळा आणि मग मोजा. लोकांनी निवडलेले डेलिगेट ४,०५१. त्यांपैकी क्लिंटन २,२०५, सँडर्स १,८४६. मतं म्हणाल तर क्लिंटन यांना सुमारे १ कोटी ६९ लाख, सँडर्सना १ कोटी ३२ लाख. यात काही कॉकस राज्यांचे (जिथे मतपेटीऐवजी सभा भरवून कौल घेतात) आकडे धरलेले नाहीत, पण ३७ लाखांची दरी त्यांनी भरून निघत नाही. शिवाय सुपरडेलिगेट मन बदलतात. २००८ मध्ये जॉर्जियाचे खासदार जॉन लुईस यांनी क्लिंटनना पाठिंबा दिला होता. जॉर्जियाने ओबामांना कौल दिल्यावर ते ओबामांकडे गेले. आणि मे २०१६ मध्ये, मागे पडल्यावर, सँडर्स यांची माणसंच सुपरडेलिगेटांना आपल्याकडे वळा म्हणून सांगत होती.

न्यूयॉर्कचं दुखणं खरं आहे. ब्रुकलिनमध्ये एक लाखाहून जास्त नावं यादीतून गेली, आणि ज्यांची गेली त्यांचा हक्क गेला. तिथे पक्षात नाव नोंदलेल्यांनाच मत देता येत होतं, आणि पक्षनोंदणी बदलण्याची मुदतही ९ ऑक्टोबर २०१५ ला संपली होती, मतदानाच्या सहा महिने आधी. हा नियम वाईटच, पण तो सँडर्ससाठी मुद्दाम केलेला नव्हता, आधीपासून होता. क्लिंटन यांनी ते राज्य तीन लाखांहून जास्त मतांनी जिंकलं आणि ब्रुकलिनही जिंकलं. गाळलेली सगळी नावं सँडर्स यांच्या पारड्यात टाकली तरी निकाल तोच राहतो.

वाईट नियमांबद्दल बोलायचं तर सगळे बोलू. मी सिएटलजवळ राहते. २६ मार्च २०१६, शनिवार, सकाळी दहाला कॉकस. शेजारणीबरोबर मी नुसती बघायला गेले होते. शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये लांबलचक टेबलं, प्रत्येक टेबलावर वॉर्डाचा नंबर चिकटवलेला, सहीच्या कागदावर नावापुढे उमेदवार लिहायचा. मग उठून आपली बाजू मांडायची, शेजाऱ्यांदेखत. क्लिंटनचं नाव लिहिलेल्या एक वयस्क बाई शेवटपर्यंत मान खाली घालून बसल्या होत्या. आमच्याच गल्लीतली नर्स ड्युटीमुळे आली नाही. आधी फॉर्म पाठवायची सोय आहे हे तिला माहीतच नव्हतं. सँडर्सना त्या दिवशी ७३ टक्के मिळाले, १०१ पैकी ७४ डेलिगेट मिळाले. दोन महिन्यांनी त्याच राज्यात टपालाने प्रायमरी, म्हणजे नेहमीसारखं मतपत्रिकेचं मतदान, झाली. तिच्यावर एकही डेलिगेट ठरणार नव्हता, तरी कॉकसच्या कितीतरी पट लोकांनी मत दिलं, आणि क्लिंटन जिंकल्या. पद्धत सँडर्सवर अन्याय करत होती म्हणताना हे ७४ कुठे ठेवायचे?

पक्षाच्या फुटलेल्या ईमेलचं मी झाकत नाही. पक्षाच्या कार्यालयातल्या माणसाने सँडर्सच्या धर्माचा मुद्दा काढता येईल का, असं लिहिणं लाजिरवाणं होतं. अध्यक्षा डेबी वासरमन शुल्ट्झ यांना जावं लागलं ते योग्यच झालं. पक्षाच्या पदाधिकारी आणि सीएनएन वाहिनीच्या भाष्यकार डोना ब्राझील यांनी वाहिनीच्या कार्यक्रमातले प्रश्न आधी क्लिंटन यांच्या लोकांना कळवले. पक्ष तटस्थ नव्हता, मान्य. पण तो धर्माचा ईमेल ५ मे चा आहे. १५ मार्चला फ्लोरिडा, ओहायो, इलिनॉय, नॉर्थ कॅरोलायना, मिझुरी ही पाचही राज्यं जिंकून क्लिंटन तीनशेहून जास्त निवडून आलेल्या डेलिगेटांनी पुढे गेल्या होत्या.

मग सँडर्स हरले कुठे? दक्षिणेत. २७ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात क्लिंटन यांना ७३ टक्के, सँडर्सना २६. तिथल्या डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय, आणि एक्झिट पोलनुसार त्यांच्यातले ८६ टक्के क्लिंटन यांच्याकडे. मिसिसिपीत तर एकूण ८० टक्क्यांच्या वर. हे आकाशातून पडलं नाही. क्लिंटन सत्तरच्या दशकात तरुण वकील असताना साउथ कॅरोलायनात मोठ्यांच्या तुरुंगात डांबलेल्या मुलांसाठी काम करून गेल्या होत्या. गोळी घालून मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय मुलाची, ट्रेव्हॉन मार्टिनची आई त्यांच्यासाठी प्रचार करत होती. सँडर्स जवळजवळ गोऱ्या व्हर्मॉन्टमधून आलेले. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण त्या घरांत त्यांची ओळख नव्हती, आणि मतदान संपायच्या आत ते पुढच्या राज्यांकडे निघूनही गेले होते.

"चोरली" म्हणताना नेमकी हीच मतं खोडली जातात, याचा मला राग येतो. साउथ कॅरोलायनातल्या चर्चमधून निघून रांगेत उभ्या राहिलेल्या आजीला कुणी फसवलं नव्हतं, ती कुणाच्या ईमेलची वाट बघत नव्हती. तिने माणूस पारखला आणि मत दिलं.

२०१८ मध्ये सँडर्स गटाच्या रेट्यामुळे पक्षाने नियम बदलला: चुरस असेल तर अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांना मत नाही. वॉशिंग्टननेही कॉकस सोडून प्रायमरी घेतली. २९ फेब्रुवारी २०२० ला साउथ कॅरोलायनात पुन्हा मतदान झालं, या वेळी समोर जो बायडन. बायडन ४८ टक्के, सँडर्स २० च्या आत.